अर्ध्या मीटरचा फंडा

ट्रिपचं टाइमटेबल थोडं ढिलं ठेवा, सुटी खरोखर सुटी होईल!

शुक्रवारी दुपारी इनबॉक्समध्ये एक मेल टपकतो. विषय : ‘विदर्भ ट्रिप, फायनल, खरंच फायनल’. सोबत एक्सेल शीट. सकाळी ५.१५ उठणे. ५.४५ चहा. ६.०० सफारी. १०.३० नाश्ता (२० मिनिटे). १०.५० किल्ला. १.०० धरण, फोटो. २.१५ जेवण. ३.०० मामांकडे (अर्धा तास). प्रत्येक रकान्याला वेगळा रंग. ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात, कारण शीट बनवणाऱ्याने बिचाऱ्याने तीन लंच ब्रेक त्यात घातलेले असतात.

मग ट्रिप सुरू होते. गाडी दोन तास लेट. मामी पोहे करून वाट बघत बसलेली. कुणाच्या तरी मुलाला ताप. पहिल्याच दिवशी दुपारी बारापर्यंत शीट पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळते आणि उरलेले तीन दिवस आपण ‘कव्हर’ करत फिरतो. कव्हर करायला ते काय सिलॅबस आहे का? सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं ‘कशी झाली ट्रिप?’ की आपण म्हणतो, ‘मस्त!’ आणि कॉफी मशीनकडे जाताना मनात येतं, आता आणखी दोन दिवस रजा मिळाली तर बरं होईल. या ट्रिपचा थकवा घालवायला!

आपल्यासारख्यांचा खरा प्रॉब्लेम पैशाचा नसतो, रजेचा असतो. वर्षाकाठी मोजक्या सुट्या, त्यातल्या अर्ध्या लग्नं आणि आजारपणं खातात. म्हणूनच उरलेल्या चार दिवसांत सगळं कोंबायची घाई होते. या आठवड्यात त्या घाईवरचा एक उपाय पाहू. तो शिकायला आपण जाणार आहोत भंडारा जिल्ह्यातल्या कारध्याला.

कारधा कुठे आलं?

नागपूरहून रायपूरच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ५३ वर निघा. याच रस्त्याला आपले आईबाबा अजून ‘हायवे सिक्स’ म्हणतात. साठेक किलोमीटरवर भंडारा. शहर संपतं, वैनगंगा लागते. नदी ओलांडली की कारधा. गाडीतून जाताना बहुतेकांना पाटी वाचायलाही वेळ मिळत नाही. पण पावसाळा आला की हेच नाव रोज बातम्यांत असतं, कारण वैनगंगेच्या पाण्याची पातळी कारध्याला मोजतात. ‘कारधा येथे पाणी इतके मीटर’ हे वाक्य भंडारेकरांसाठी मुंबईकरांच्या ‘मध्य रेल्वे वीस मिनिटं उशिरा’सारखं. त्यावर दिवसाचे बेत ठरतात.

इथे दोन आकडे लक्षात ठेवायचे. २४५.०० मीटर ही इशारा पातळी. २४५.५० मीटर ही धोक्याची पातळी. मधे अंतर फक्त अर्धा मीटर. गुडघ्याइतकं पाणी म्हणा ना! पण या अर्ध्या मीटरातच सगळं होतं. नदीकाठच्या वस्त्यांना खबर जाते, सामान वर चढतं, गुरं हलतात, रस्ते बंद करायची तयारी होते. इशारा आणि धोका एकाच आकड्यावर ठेवले असते, तर कळेपर्यंत पाणी घरात आलं असतं.

फंडा एवढाच आहे. आपल्या ट्रिपमध्ये आपण हा अर्धा मीटर ठेवतच नाही. गाडी वेळेवर आली तर सगळं जमेल, ट्रॅफिक नसलं तर सगळं जमेल, कुणाचं पोट बिघडलं नाही तर सगळं जमेल. म्हणजे इशारा मिळतो त्याच क्षणी धोका!

वर निळं आकाश, खाली चढणारं पाणी

वैनगंगा आणखी एक धडा देते. ही नदी उगम पावते मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. तिथे तिच्यावर संजय सरोवर हे मोठं धरण आहे. खाली भंडारा जिल्ह्यातच, पवनी तालुक्यात गोसेखुर्द. याचं भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झालं. त्याला ३३ दरवाजे आहेत. वरून सोडलेलं पाणी आणि खाली अडवलेलं पाणी, या दोघांच्या मधे भंडारा आणि कारधा.

म्हणून इथे पाऊस नसतानाही पूर येऊ शकतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस तेच झालं. मध्य प्रदेशात धो धो पाऊस पडला, धरणांतून पाणी सुटलं आणि भंडाऱ्यापासून थेट गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली. तेव्हा आपल्या फोनमधल्या हवामानाच्या ॲपवर भंडाऱ्यासमोर नुसतं ढगाचं चित्र बघून काही कळलं नसतं. नदी कुठून येते, वर काय चाललंय, हे ज्याला माहीत तो शहाणा.

ट्रिपचंही तसंच असतं. आपली अडचण बहुतेक वेळा आपण जिथे उभे आहोत तिथे सुरू होत नाही. गाडी वर्ध्याला अडकते, ड्रायव्हरच्या घरी काहीतरी होतं, बॉसचा ‘एक छोटासा कॉल’ येतो. पाणी वरूनच येतं! आणि ते थांबवणं आपल्या हातात नसतं. हातात असतो तो मधला अर्धा मीटर.

आता हा अर्धा मीटर ट्रिपमध्ये आणायचा कसा, ते स्टेप बाय स्टेप बघू.

आधी खुंटा ठोका

पहिला नियम : रोज हॉटेल बदलू नका. चार दिवसांत तीन मुक्काम म्हणजे तीनदा बॅगा भरणं, तीनदा चेक-इन, तीनदा ‘चार्जर कुठे ठेवला?’ आणि अर्धी सुटी रिसेप्शनवर. त्यापेक्षा गाईचा खुंटा असतो तसा एक खुंटा ठोकायचा आणि दाव्याच्या टप्प्यात हवं तिकडे चरायचं.

खुंटा निवडताना गाव फेमस आहे का, हे बघू नका. तिथून किती दिशांना जाता येतं ते बघा. भंडारा-कारधा या बाबतीत नंबर वन. नकाशा उघडा. उत्तरेला जवळच, वीसेक किलोमीटरवर कोका अभयारण्य. त्याच बाजूला आणखी वर तुमसर, तिथून आंबागडचा किल्ला आणि महाशिवरात्रीच्या यात्रेचं गायमुख. पूर्वेला लाखनी, साकोली आणि नागझिऱ्याचं जंगल. दक्षिणेला पवनी आणि गोसेखुर्द. पश्चिमेला नागपूर, म्हणजे विमानतळ, मोठी हॉस्पिटलं आणि अगदीच कंटाळा आला तर मॉलसुद्धा!

याचा फायदा काय? एका दिशेला पाऊस, रस्त्याचं काम किंवा मोर्चा असला, तर दुसरी दिशा मोकळी असते. तासा-दीड तासात बेत पालटता येतो आणि संध्याकाळी झोपायला तोच पलंग.

एक पक्कं, एक कच्चं, एक रिकामं

दुसरा नियम हाच या लेखाचा जीव आहे. दिवसाचे तीन भाग करा : सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्यांतला एक पक्का, एक कच्चा, एक रिकामा.

पक्कं म्हणजे ज्याचं बुकिंग आहे, ज्याची वेळ दुसऱ्याच्या हातात आहे. उदाहरणार्थ सफारी किंवा परतीची गाडी. एका दिवसात असं एकच. दोन पक्क्या गोष्टी एका दिवसात आल्या की त्या एकमेकींचा गळा धरतात.

कच्चं म्हणजे जे करायचं मनात आहे, पण उद्या केलं तरी चालतं. पवनीचं बघा ना. साधं तालुक्याचं गाव वाटतं, पण १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे उत्खनन केलं, तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष हाती लागले. जगन्नाथ टेकडीचा स्तूप त्यातलाच. दोन हजार वर्षं ती टेकडी तुमची वाट बघत उभी आहे, आणखी एक दिवस थांबायला तिची काही हरकत नसावी.

आणि रिकामं म्हणजे रिकामं. त्या रकान्यात ‘विश्रांती’ असंसुद्धा लिहू नका, नाहीतर ग्रुपमधला एखादा उत्साही बरोब्बर साडेतीनला ‘चला, विश्रांती घेऊ या’ म्हणून सगळ्यांना झोपवायला निघेल! रिकाम्या वेळात नदीवर जाऊन बसा, खांब तलावाकाठी भटका, भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांच्या दुकानात शिरा. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं होतं. स्टेनलेस स्टील आलं आणि घराघरातली पितळेची कळशी माळ्यावर गेली. दुकानदाराला वेळ असेल आणि तुम्हाला घाई नसेल, तर त्यातलं बरंच काही ऐकायला मिळतं. ‘१०.५० ते ११.१०’मध्ये हे होत नाही.

आता सफारीविषयी. नागझिरा, नवेगाव आणि कोका ही सगळी जंगलं मिळून २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. २०२३ च्या मे महिन्यात ताडोबाकडच्या दोन वाघिणी इथे आणून सोडल्या. म्हणजे वाघ आहेत. पण वाघ दिसेलच असं मनात धरून चार तास जीपमध्ये बसणं हा टेन्शनचा राजमार्ग आहे. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ आठवतो? हा पठ्ठ्या कुणाला न विचारता चालत चालत २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला, स्टार झाला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. जंगलखात्यालाही त्याचं टाइमटेबल कळलं नाही, मग आपल्याला सहा ते दहाच्या सफारीत वाघ कसा काय बांधून मिळणार?

सफारीचं बुकिंग मात्र आधी करा, पावसाळ्यात जंगल बंद असतं हे लक्षात ठेवा आणि आठवड्याचा सुटीचा वार बुकिंग करतानाच बघून घ्या. जंगलात फोनला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका. ‘सकाळी कॉलवर येतो’ असं कुणाला सांगून जाऊ नका.

‘जेवल्याशिवाय कसे जाता जी?’

तिसरा मुद्दा एक्सेलमध्ये कधीच नसतो. माणसं!

पुण्या-मुंबईच्या आयटी पार्कात भंडारा, तुमसर, साकोलीची मंडळी काही कमी नाहीत. त्यांच्यासाठी ही ट्रिप नसते, गावी जाणं असतं. आणि गावी गेल्यावर हजेरी लावायची यादी असते. मोठे काका, छोटे काका, आत्या, शाळेतले सर, शेजारच्या काकू. प्रत्येकी अर्धा तास धरला तर गणित जमतं. पण झाडीपट्टीत अर्ध्या तासात कुणाच्या घरून निघून दाखवा! चहा होतो. मग ‘बसा ना जी, काय घाई हाय?’ होतं. मग स्वयंपाकघरातून भाताचा वास येतो. या धानाच्या मुलखात पाहुण्याला भात न वाढता पाठवणं कुणाला जमत नाही. चिन्नोरचा तांदूळ असेल तर तुम्हालाच उठवणार नाही. तुम्ही घड्याळाकडे बघता, आत्याला ते दिसतं आणि तिचा चेहरा पडतो. अर्धा तास वाचवून तुम्ही नेमकं काय कमावलंत?

उपाय सोपा आहे. दिवसाला एकच घर. पण त्या घरी जेवायचं, पडवीत आडवं व्हायचं, काकांच्या बांधीपर्यंत चक्कर मारायची. बाकीच्यांना आधीच फोन करून सांगायचं की यंदा जमणार नाही, पुढच्या खेपेला तुमच्याकडेच मुक्काम. लोक नाही म्हटल्याचा राग तितका धरत नाहीत, जितका ‘येतो’ म्हणून न आल्याचा धरतात. आईबाबा सोबत असतील तर यादी त्यांना करू द्या. त्यांना कुणाला भेटायचंय हे आपल्याला वाटतं त्याहून वेगळं निघतं. आणि साठी ओलांडलेल्या माणसांच्या बाबतीत ‘पुढच्या खेपेला’ हा शब्द जरा जपून वापरावा. म्हणूनच तर यादी छोटी आणि भेट मोठी!

नाटक रात्री, सकाळ मोकळी

दिवाळीनंतर जात असाल, तर लकी आहात. भाऊबीजेपासून या भागात गावोगाव मंडई भरायला लागते. आपण पुण्यात मंडई म्हणतो ती भाजीची. ही मंडई म्हणजे जत्रा. दुकानं, पाळणे, पाहुण्यांनी भरलेली घरं, दंडार, खडी गंमत आणि रात्री नाटक. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, म्हणजे एक चुकली तर परवा शेजारच्या गावात दुसरी. याहून फ्लेक्सिबल कॅलेंडर कुठल्या इव्हेंट कंपनीला जमेल?

झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि साधारण होळीपर्यंत चालतो. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्याचं मोठं केंद्र. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत रंगतं. मल्टिप्लेक्सच्या दोन तासांची सवय असलेल्यांनी घोंगडी आणि मफलर घेऊन जावं. आणि हा नियम विसरू नका : ज्या रात्री नाटक, त्याच्या दुसऱ्या सकाळी काहीही पक्कं नको. पहाटे चारला नाटक आणि साडेपाचला सफारी हा प्लॅन कागदावर थरारक दिसतो. जीपमध्ये मात्र सगळे डुलक्या घेतात आणि ड्रायव्हर एकटा हरणं बघतो.

हिवाळ्यात शंकरपटही पाहायला मिळतो. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली होती. २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठानेही ती मान्य केली. लाखनीचा पट जुना आणि नावाजलेला. तारखा स्थानिक माणसालाच विचारा. इथे सगळ्यात चांगलं सर्च इंजिन म्हणजे पानठेला!

उन्हाळ्यात जाणार असाल तर मात्र दिवसाची रचनाच उलटी करा. विदर्भाचं मे महिन्याचं ऊन हे पुण्याच्या उन्हाचं मोठं भावंड नाही, ती वेगळीच जात आहे. सकाळी दहापर्यंत जे काय ते उरका, मग चारपर्यंत कूलरसमोर पडा. इथे दुपार रिकामीच ठेवायची. निवड तुमची नाही, सूर्याची आहे.

पैसे कुठे बांधायचे, कुठे नाही

ढिला प्लॅन म्हणजे ‘बघू तिकडे गेल्यावर’ असं नाही हं. काही गोष्टी घट्टच हव्यात. नियम असा : जे मिळणं कठीण ते आधी बांधा, जे सहज मिळतं ते मोकळं सोडा.

रेल्वेचं तिकीट पहिल्या प्रकारातलं. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि गोंदियापर्यंत जाते, कोल्हापूर-पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाला जाते. उतरायचं भंडारा रोड स्टेशनवर. ते भंडारा शहरात नाही, दहाएक किलोमीटरवर वरठीला आहे, हे आधी माहीत असलं म्हणजे रात्री फलाटावर भांडण होत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच खुलं होतं. म्हणजे दिवाळीसाठी ऑगस्टअखेर-सप्टेंबरात कॅलेंडरवर खूण करायची. कारने जायचं तर मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला आहे. पण सरळ रस्ता, सलग वेग आणि जड डोळे हे कॉम्बिनेशन वाईट. मधे एक मुक्काम धरलात तर तो वाया गेलेला वेळ समजू नका.

हॉटेलच्या बाबतीत उलटं. थोडे जास्त पैसे पडले तरी रद्द करता येईल अशी खोली घ्या. त्या जादा पैशांत तुम्ही खोली विकत घेत नाही, मत बदलायचा हक्क विकत घेता. स्थानिक टॅक्सी दिवसाच्या हिशोबाने ठरवा, ‘पॉइंट’च्या नाही. पॉइंटच्या हिशोबात ड्रायव्हरलाही घाई आणि तुम्हालाही. एकूण बजेटमधला थोडा भाग कुठल्याही नावाने न लिहिता बाजूला ठेवा. तो उरला तर परतताना टसरची एखादी साडी. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचे विणकर त्यासाठी माहीत आहेत.

आणि शेवटचं बुकिंग, जे कुणीच करत नाही : परत आल्यानंतरचा एक दिवस. पहाटे स्टेशनवर उतरून दहाला मीटिंग, हा शूरपणा कुणी विचारत नाही. तीन दिवस फिरा, चौथा घरी काढा. चार दिवस फिरून पाचव्या दिवशी ऑफिसात झोपण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

‘आज नको’ म्हणता यायला हवं

आता खरा मुद्दा. फ्लेक्सिबल प्लॅन ही काही आळशी लोकांची चैन नाही.

कारध्याला वैनगंगेवर मोठ्या पुलाच्या शेजारी ब्रिटिशांच्या काळातला जुना ठेंगणा पूल आहे. मोठा पूर आला की तो पाण्याखाली जातो. महाराष्ट्रात असे पूल आणि नाल्यांवरचे रपटे गावोगाव आहेत. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे बातमी येते : पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि वाहून गेली. गाडी चालवणारे काही वेडे नसतात. आपल्यासारखेच असतात. पलीकडे काहीतरी वेळेवर गाठायचं असतं. लग्न, बुकिंग, परतीची गाडी. टाइमटेबलमध्ये एका तासाचीही जागा नसते, म्हणून समोरचं वाहतं पाणी ‘इतकंच तर आहे’ असं दिसायला लागतं.

हीच गोष्ट रात्रीच्या ड्रायव्हिंगची. साकोलीपुढे महामार्ग जंगलपट्ट्यातून जातो. प्राण्यांची ये-जा रात्रीच जास्त. दिवसभराचा बेत लांबला की शंभर किलोमीटर अंधारात आणि अर्धवट झोपेत कापले जातात. कुणी ठरवून ते करत नाही. प्लॅन करायला लावतो.

घट्ट प्लॅन आपल्याकडून निर्णय काढून घेतो. ढिला प्लॅन तो परत देतो. ‘आज नको, उद्या जाऊ’ हे चार शब्द म्हणता यायला उद्या शिल्लक असावा लागतो. म्हणून पावसाळ्यात या भागात असाल तर रोज सकाळी कारध्याची पातळी बघा, जिल्हा प्रशासनाच्या सूचना बघा, हॉटेलवाल्या काकांना विचारा. पाणी इशाऱ्याच्या आसपास असलं की नदीकाठचे सगळे बेत कच्च्या यादीत. पोलिसांनी दोर बांधलाय तिथे वाद घालू नका. तो माणूस तुमची ट्रिप वाचवतोय.

ग्रुपमध्येही ‘आज नको’ म्हणायची सोय करून ठेवा. रोज एक कॅप्टन. त्या दिवशी त्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्या दिवशी दुसरा. आणि कुणालाही, कारण न देता, एका दिवशी खोलीत झोपून राहायची मुभा. ‘अरे चल ना, तुझ्यामुळे सगळ्यांचा मूड जातो’ हे वाक्य ट्रिपवर बॅन!

चौकट : नमुन्याचा ढिला प्लॅन (हिवाळा, मुंबईहून, रजा तीन)

गुरुवार : ऑफिस करून संध्याकाळची गाडी.

शुक्रवार : दुपारच्या आत भंडारा रोड. पक्कं : काही नाही. कच्चं : उन्हं उतरल्यावर कारध्याला नदीकाठ. गाडी तीन तास लेट झाली तरी काहीही बिघडत नाही. पहिला दिवस असाच हवा.

शनिवार : पक्कं : कोकाची सकाळची सफारी. दुपार रिकामी. कच्चं : संध्याकाळी भंडाऱ्याचा बाजार.

रविवार : पक्कं : एक घर, दुपारचं जेवण. कच्चं : पवनी आणि गोसेखुर्द. जेवण लांबलं तर पवनी गेली. चालतं. रात्री नाटक मिळालं तर सोन्याहून पिवळं.

सोमवार : सकाळ रिकामी. झोपा. तर्री-पोहे खा. पक्कं : दुपारनंतरची परतीची गाडी.

मंगळवार : सकाळी घरी. कपडे मशीनमध्ये, आपण पलंगावर. बुधवारी ऑफिस.

मोजून बघा. चार दिवसांत फक्त तीन पक्क्या गोष्टी. एक्सेलवाल्या मित्राला हे दाखवलंत तर तो म्हणेल, ‘यात केलं काय मग?’ त्याला सांगा, बुधवारी भेट.

तर या वेळी शीट उघडलीत, की रकाने भरण्याआधी तीन रिकामे सोडा आणि त्यांना कुलूप लावा. आपल्या ट्रिपची इशारा पातळी कुठली आणि धोक्याची कुठली, हे निघायच्या आधी ठरवा. मधला अर्धा मीटर फुकट मिळतो. फक्त तो भरायचा नाही, एवढंच जमवायचं.